पॅरिसमध्ये म्युझियम पास घ्यावा की सुटी तिकिटं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला जाऊन आल्यापासून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक मला एकच गोष्ट विचारतात: पास घेऊ का? उन्हाळ्याची सुटी आणि दिवाळी जवळ आली की हे प्रश्न वाढतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी १ ते ४ हे प्रश्न सलग वाचावेत. पुढचे आपापल्या गरजेप्रमाणे वाचले तरी चालतील.

१. पॅरिस म्युझियम पास म्हणजे नेमकं काय असतं?

एकदाच पैसे भरायचे आणि पॅरिस शहर व आसपासची पन्नासहून जास्त संग्रहालयं आणि स्मारकं बघायची, असा हा पास. तो ४८, ९६ आणि १४४ तासांचा मिळतो, म्हणजे आपल्या बोलण्यातला दोन, चार आणि सहा दिवसांचा. पहिल्या ठिकाणी तो स्कॅन झाला की घड्याळ सुरू होतं आणि मग मध्ये थांबत नाही. मधला एखादा दिवस आराम करायचा ठरवलात तर तोही पासातूनच जातो. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. सकाळी नवऱ्याने आणि दुपारी बायकोने, असं चालत नाही.

२. त्यात आयफेल टॉवर येतो का? काय येतं आणि काय येत नाही?

आयफेल टॉवर येत नाही. हे ठळक सांगावं लागतं, कारण निम्मे लोक तो येतो असं धरूनच पास घेतात. कॅटाकोम्ब (जमिनीखालची, हाडं रचलेली भुयारं), गार्निए ऑपेरा, सीन नदीतली बोटीची फेरी, मोंपार्नास टॉवर आणि डिस्नीलँड हेही पासात नाही.

येतात त्यातली आपल्या लोकांच्या यादीत हमखास असणारी ठिकाणं म्हणजे लूव्र, ओर्से आणि ऑरांजरी ही कलासंग्रहालयं, सेंत-शापेल हे जुनं चॅपल, कॉन्सिएर्जरी हा जुना तुरुंग, पॅन्थिऑन हे स्मारक, आर्क द त्रिओंफ या विजयकमानीची गच्ची, रोदँ संग्रहालय आणि शहराबाहेरचा व्हर्सायचा राजवाडा. पाँपिदू सेंटर हे आधुनिक कलेचं संग्रहालय सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद आहे. जुन्या यादीत ते दिसलं तर धरू नका.

आयफेलचं तिकीट वेगळं काढायचं. लिफ्टची तिकिटं अधिकृत साइटवर साठ दिवस आधी खुली होतात आणि मे महिन्यातली लवकर संपतात. संपलीच तर जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत जाता येतं, ६७४ पायऱ्या आहेत.

३. सरळ सांगा, पास परवडतो की नाही?

हे यादीवर ठरतं, आणि यादी पास घेण्याच्या आधी व्हायला हवी. पास हातात आला की माणूस "आता पैसे भरलेच आहेत तर" म्हणून ठिकाणं वाढवत जातो. चौथ्या संग्रहालयात चित्रांकडे बघण्याऐवजी बसायला बाक शोधत फिरतो. असे लोक मी तिथे फार पाहिले.

आमचाच हिशोब मांडते. आम्ही २०२४ च्या ऑक्टोबरात गेलो होतो: मी, नवरा, आई आणि चौदा वर्षांची मुलगी. निघण्याआधी वहीच्या एका पानावर प्रत्येकाची यादी लिहिली आणि पुढे तेव्हाचे दर मांडले. लूव्र २२ युरो, ओर्से १६, आर्क द त्रिओंफ १६, सेंत-शापेल १३, व्हर्सायचा राजवाडा २१. बेरीज ८८. चार दिवसांचा पास तेव्हा ७७ युरोंना होता. म्हणजे माझे आणि नवऱ्याचे माणशी ११ युरो वाचत होते, तेव्हाच्या दराने साधारण हजार रुपये.

आईचं गणित मात्र वेगळं निघालं. आर्क द त्रिओंफच्या गच्चीवर जायला २८४ पायऱ्यांचा गोल जिना आहे आणि आईने त्याला आधीच नाही म्हटलं होतं. तिच्या यादीतून १६ गेले, उरले ७२. पास ७७ चा. तिची सुटी तिकिटं काढली. मुलीला पासच लागत नव्हता (प्रश्न ५ पाहा). चार माणसांच्या घरात दोन पास, एका व्यक्तीची सुटी तिकिटं आणि एकीला जवळपास सगळं फुकट, असं झालं. घरातल्या सगळ्यांनी एकच काहीतरी घ्यायला हवं असा कुठे नियम नाही, तरी बहुतेक लोक सरसकट चार पास घेऊन मोकळे होतात.

हे आकडे २०२४ चे आहेत, ते तसेच वापरू नका. पासाची किंमत त्यानंतर वाढली आहे. लूव्रने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन सोडून इतर देशांतल्या) पाहुण्यांसाठी ३२ युरो दर केला आहे, आतल्यांना तो २२ आहे. व्हर्सायसारख्या इतर काही ठिकाणीही असे दोन दर आले आहेत. आपण भारतातून जाणारे वरच्या दरात मोडतो. लंडनला किंवा स्वित्झर्लंडला राहणारे मराठी लोकही त्यातच, कारण हे दोन्ही देश त्या क्षेत्रात नाहीत. त्यामुळे मावशीने २०२३ साली सांगितलेला आकडा बाजूला ठेवा आणि निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत साइटवरचा दर स्वतः लिहून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

माझा अनुभव असा की दिवसाला दोन ठिकाणं आरामात होतात. तीन करायची तर एक अगदी छोटं हवं. तुमची यादी या वेगाने पासाच्या तासांत बसत नसेल, तर कागदावर झालेली बचत तिथे पोहोचल्यावर हाती लागत नाही.

४. पास आहे म्हणजे रांग नाही ना?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पास म्हणजे पैसे भरल्याची पावती. तुमच्यासाठी जागा राखली आहे असा त्याचा अर्थ नाही. लूव्र, व्हर्साय आणि सेंत-शापेल इथे पासधारकांनाही वेळ, म्हणजे स्लॉट, वेगळा आरक्षित करावा लागतो. ऑरांजरीलाही आरक्षण करूनच जा. या स्लॉटचे जादा पैसे नाहीत. त्या त्या ठिकाणाच्या अधिकृत साइटवर पासधारकांचा पर्याय निवडायचा, शून्य युरोचं आरक्षण होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: यादी, बेरीज, मग ज्या तारखांना जायचं आहे त्या तारखांचे लूव्रचे स्लॉट शिल्लक आहेत का ते बघणं, आणि मगच पास विकत घेणं. आधी पास घेऊन नंतर स्लॉट शोधायला बसलेल्या एका कुटुंबाला लूव्रचा एकही स्लॉट मिळाला नव्हता. त्यांच्या पासातलं सगळ्यात महागडं ठिकाणच गेलं.

सुरक्षा तपासणीची रांग मात्र कुणालाच चुकत नाही. सेंत-शापेल तर न्यायालयाच्या आवारात आहे, तिथली तपासणी विमानतळासारखी असते. आईच्या पर्समध्ये सुई-दोऱ्याच्या डबीत बोटभर लांबीची कात्री होती. ती मशीनमध्ये दिसली आणि तिथेच सोडावी लागली. वीस वर्षं जवळ असलेली कात्री होती, आईला वाईट वाटलं. फळं कापायची सुरी, कात्री, स्विस नाइफ असं काहीही त्या दिवशी हॉटेलवर ठेवून जा. त्यानंतर वरच्या दालनात पोहोचलो. पंधरा उंच खिडक्यांच्या रंगीत काचांमधून दुपारचं ऊन फरशीवर निळं-तांबडं पडलं होतं. बायबलमधले १,११३ प्रसंग आहेत त्या काचांवर, १२४८ साली पूर्ण झालेल्या चॅपलमध्ये. आई भिंतीकडेच्या दगडी कट्ट्यावर बसली आणि अर्धा तास उठली नाही. यादीत हे ठिकाण नसेल तर घाला.

५. मुलं १२ आणि १६ वर्षांची आहेत. त्यांचे पास किती दिवसांचे घ्यावेत?

घेऊच नका. लूव्र, ओर्से, व्हर्साय, सेंत-शापेल, आर्क द त्रिओंफ, पॅन्थिऑन या सगळ्या ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, देश कुठलाही असो. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मात्र जिथे स्लॉट लागतो तिथे मुलांचाही शून्य युरोचा स्लॉट तुमच्याच वेळेचा काढावा लागतो. आई-वडिलांचा स्लॉट आहे आणि मुलांचा काढलाच नाही, असं दारात जाऊन लक्षात येऊ देऊ नका. आयफेल टॉवरला मुलांचं तिकीट लागतं, फक्त दर कमी असतो.

६. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. ज्येष्ठ नागरिकांना सवलत मिळते का?

लूव्रमध्ये वयाची सवलत नाही. आपल्याकडे एसटीत, बँकेत, सगळीकडे ती असते, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण तिथे साठीच्या पुढच्या माणसाला पूर्ण दरच पडतो.

तिकिटापेक्षा पायांचा विचार आधी करा. लूव्रमध्ये चालणं प्रचंड आहे. व्हीलचेअर तिथे मोफत मिळते आणि ती मागायला आईने सुरुवातीला फार संकोच केला. तासाभराने तीच म्हणाली, आधीच घ्यायला हवी होती. दिव्यांग व्यक्ती आणि सोबत आलेली एक व्यक्ती यांना लूव्रमध्ये प्रवेश मोफत आहे, त्यासाठी प्रमाणपत्र जवळ हवं.

एकूणात वयस्क मंडळींसाठी मी बहुतेक वेळा सुटी तिकिटंच सुचवते. दिवसाला एक मोठं ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी बागेत किंवा नदीकाठी बसणं, अशा दिवसांत पास वसूल होत नाही. तो वसूल करायला म्हणून आई-बाबांना पळवणं तर नकोच.

७. आम्ही टूर कंपनीबरोबर जातोय, पॅरिसमध्ये दोनच दिवस आहोत. पास घेऊ का?

नको. तुमचे दोन दिवस आधीच आखलेले असतात. आयफेल टॉवर, बोटीची फेरी आणि बसमधून शहरदर्शन यांतलं काहीच पासात नाही. एखादी दुपार मोकळी मिळत असेल तर एक ठिकाण निवडा आणि त्याचं सुटं तिकीट काढा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. टूरचा दिवस संपल्यावरही जाता येतं.

८. पास कुठल्या वारी सुरू करावा?

लूव्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद. ओर्से, व्हर्साय आणि रोदँ सोमवारी बंद. म्हणजे दोन दिवसांचा पास सोमवार-मंगळवारी वापरला तर हाताशी फार कमी उरतं. बुधवार-गुरुवार किंवा गुरुवार-शुक्रवार उत्तम, कारण उशिरापर्यंत उघडं राहणारे दिवस त्यात येतात. व्हर्सायला मंगळवारी गर्दी जास्त असते, सोमवारची सुटी आणि लूव्र बंद असल्याने तिकडे वळलेले लोक असं सगळं एकत्र येतं. १ मे आला असेल तर तो दिवसच सोडा, लूव्रही त्या दिवशी बंद असतं.

मोजणी तासांची असल्याने एक सोय होते. दुपारी दोनला पहिलं ठिकाण पाहिलं, तर ४८ तासांचा पास तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतो. मुंबईहून पहाटे उतरलात तर त्या दिवशी पास उघडू नका. घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. संध्याकाळी सहालाच डोळे मिटायला लागतात.

९. पासावर लूव्रला दोनदा जाता येईल का? अर्धं आज, अर्धं उद्या?

नाही. एका ठिकाणी एकदाच प्रवेश. लूव्र दोन दिवसांत बघायचं असेल तर दुसऱ्या दिवसाचं तिकीट वेगळं काढावं लागेल.

१०. पहिल्या रविवारी सगळं फुकट असतं म्हणतात. त्यावरच सहल आखू का?

सगळं नाही. ओर्से आणि ऑरांजरी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, आरक्षण करून. सेंत-शापेल, पॅन्थिऑन आणि आर्क द त्रिओंफ फक्त जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. व्हर्साय नोव्हेंबर ते मार्च. लूव्र रविवारी मोफत नसतं. तिथे पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर मोफत प्रवेश असतो, जुलै-ऑगस्ट सोडून.

म्हणजे मे महिन्यात जाणाऱ्याला याचा फायदा एक-दोन ठिकाणांपुरताच. पण तारखा आपसूक जुळत असतील तर बेरजेतून ती रक्कम आधी वजा करा आणि मग पासाशी तुलना करा. दिवाळीच्या सुटीला जोडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणाऱ्यांचं गणित यामुळे पूर्ण पालटू शकतं.

११. पास असूनही व्हर्सायच्या बागेत जादा पैसे का मागतात?

पासात राजवाडा आणि त्याच्या आवारातले त्रियानों नावाचे छोटे महाल येतात. बाग एरवी सगळ्यांनाच मोफत असते. पण साधारण एप्रिल ते ऑक्टोबर ठरावीक वारी संगीत आणि कारंज्यांचा कार्यक्रम असतो, त्या दिवशी बागेला वेगळं तिकीट लागतं आणि ते पासात नाही. शनिवार-रविवार यात हमखास येतात. कारंजी बघायची असतील तर ते पैसे बेरजेत धरा. नसतील तर बागेला तिकीट नसलेला दिवस अधिकृत साइटवर बघून जा. जाण्यासाठी आरईआर 'सी' ही उपनगरी गाडी आणि उतरायला 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' स्टेशन. व्हर्साय नावाची इतरही स्टेशनं आहेत, तेव्हा पूर्ण नाव वाचून गाडीत बसा.

१२. भाचा जर्मनीत शिकतो, २४ वर्षांचा आहे. तो आमच्याबरोबर येणार आहे. त्यालाही पास?

बेरीज करण्याआधी त्याचं निवासाचं कार्ड बघा. लूव्रमध्ये १८ ते २५ वयाच्या, युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्यांना प्रवेश मोफत आहे, आणि इथे नागरिकत्व नाही, रहिवास बघितला जातो. ओर्सेलाही दीर्घकाळ राहणाऱ्यांना ही सवलत आहे. सेंत-शापेल आणि आर्क द त्रिओंफसारख्या राष्ट्रीय स्मारकांचा नियम जास्त कडक आहे. तिथे युरोपीय संघाचे नागरिक किंवा फ्रान्समध्येच राहणारे, असा निकष आहे. त्यामुळे जर्मनीतल्या विद्यार्थ्याने तिथे तिकिटाची तयारी ठेवावी. एवढं धरूनही त्याच्यासाठी पास सहसा महागच पडतो. मूळ कार्ड जवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या, २६ च्या पुढच्या मुलाला लूव्रचा २२ युरोंचा दर आणि भारतातून आलेल्या त्याच्या आई-वडिलांना ३२, असंही एकाच घरात होतं. बेरीज माणशी वेगळी करा (प्रश्न ३).

१३. खासगी कंपन्यांचे 'सगळं एकात' पास मिळतात. ते जास्त चांगले का?

ते दोन प्रकारचे असतात. एक दिवसांवर चालणारा, त्यात हवी तितकी ठिकाणं बघा. दुसरा ठिकाणांच्या संख्येवर चालणारा, म्हणजे यादीतली तीन किंवा पाच निवडा आणि सवडीने बघा. बोटीची फेरी, हवं तिथे चढता-उतरता येणारी बस असं म्युझियम पासात नसलेलं त्यात असतं, म्हणून आकर्षक वाटतात. जाहिरातीत "एवढ्या युरोंची बचत" लिहिलेली असते ती दिवसाला चार-पाच ठिकाणं बघितली तर. मुलं बरोबर असतील तर जास्तच सांभाळून, कारण ज्या ठिकाणी मुलांना मोफत प्रवेश आहे त्याचेही पैसे अशा पासात मोजले जाऊ शकतात. संख्येवर चालणारा पास त्यातल्या त्यात बरा. बेरजेची पद्धत तीच.

१४. व्हिसा अर्जाबरोबर पास दाखवावा लागतो का? आधीच घेऊन ठेवू?

शेंगेन व्हिसासाठी विमानाचं आरक्षण, राहण्याची सोय, विमा, प्रवासाचा आराखडा लागतो. संग्रहालयांची तिकिटं लागत नाहीत. घेतलेला पास परत करून पैसे मिळत नाहीत, तेव्हा व्हिसा हातात पडेपर्यंत थांबा. ई-पास ईमेलवर येतो, तो भारतातूनच काढता येतो. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा, "पेमेंट होतच नाही" अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. प्रिंट काढून घ्या आणि पीडीएफ फोनमध्येही उतरवून ठेवा.

१५. मेट्रो पासात येते का?

नाही. त्यासाठी नाविगो हे शहरातल्या प्रवासाचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. आठवड्याचा नाविगो सोमवार ते रविवार असाच चालतो. गुरुवारी पोहोचणाऱ्याने तो घेऊन फारसा उपयोग नाही.

१६. खरं सांगायचं तर आम्हाला चित्रांत फारसा रस नाही. मग पॅरिसमध्ये करायचं काय?

मग पासाचा विषयच सोडा. नोत्र दाम एप्रिल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं आणि आत जायला पैसे नाहीत. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, बाहेरून क्रेन बघून परतलो, ती हुरहुर अजून आहे. मोंमार्त्रच्या टेकडीवरचं सक्रे-कर मोफत आहे, फक्त घुमटावर जायला तिकीट. कार्नावाले हे पॅरिसच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, त्याचा कायमस्वरूपी भाग मोफत. पती पाले या कलासंग्रहालयाचाही तसाच. लक्झेंबर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणी पैसे मागत नाही, वाटेल तितका वेळ बसा.

एकच तिकीट काढायचं असेल तर मी आर्क द त्रिओंफच्या गच्चीचं सांगेन, गुडघे चालत असतील तर. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, नऊला वर जा. बारा रस्ते एका चौकाला येऊन मिळताना दिसतात, दिवे एकेक करून लागतात आणि समोर आयफेल टॉवर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो. मुलगी तिथून खाली यायला तयार नव्हती. आई खाली बाकावर थांबली होती, तिला वरून व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं.